काम, सहवास आणि मनःस्वास्थ्य : दिव्यांगांच्या रोजगाराचा एक अभ्यास

मुंबईच्या रोजगाराच्या इतिहासात १९५९ हे वर्ष दोन कारणांसाठी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षी १५ मार्च रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात गृहिणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. त्यातूनच पुढे श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड ही संस्था उभी राहिली. त्याच वर्षी अपंगांसाठीचे देशातील पहिले विशेष सेवायोजन कार्यालय मुंबईतच सुरू झाले. या दोन घटनांचा परस्परांशी कोणताही संबंध नव्हता. तथापि दिव्यांग व्यक्तीचा रोजगार आणि तिचे मनःस्वास्थ्य यांचा एकत्रित विचार करताना त्या शेजारी ठेवून पाहणे उपयुक्त ठरते.

सेवायोजन कार्यालयाची पद्धती सर्वपरिचित आहे. उमेदवाराने नाव नोंदवावयाचे, मालकाने रिक्त जागा कळवावयाची आणि जागेला साजेसा उमेदवार कार्यालयाने पाठवावयाचा. यात जागा निश्चित असते. तिला जुळवून घ्यावयाचे ते माणसाने. गच्चीवर जे घडले ते याच्या उलट होते. घर आणि मुले सोडून आठ तास बाहेर राहणे त्या स्त्रियांना शक्य नव्हते. म्हणून पुढे संस्थेने कामाचीच विभागणी केली. पीठ केंद्रात मळावयाचे, लाट्या घरी न्यावयाच्या, सवडीने पापड लाटून वाळवावयाचे आणि ते केंद्रात आणून, वजन करून मोबदला घ्यावयाचा. काम स्त्रीच्या दिवसाच्या मापाने बेतले गेले. यात दयाबुद्धी नव्हती. हा चोख व्यवहार होता आणि तो हजारो स्त्रियांपर्यंत पोहोचला. आणखी एक गोष्ट सहसा कोणी नोंदवीत नाही. पापड घरी लाटले जात असले तरी केंद्रात येणे चुकत नसे. तेथे रांग असे, ओळखी होत, गप्पा होत. मजुरीइतकीच ही गोष्टही महत्त्वाची असते, असे मानसशास्त्र सांगते.

काम गेल्यावर काय जाते?

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारियेनथाल नावाचे एक लहान गाव आहे. ते सारे गाव एका कापड गिरणीवर जगत होते. १९२९-३० च्या जागतिक मंदीत ती गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल या अभ्यासकांनी त्या गावाचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९३३ मध्ये आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. हाती वेळच वेळ असूनही ग्रंथालयातून नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या घटली होती. रस्त्याने चालणाऱ्या पुरुषांची गती मंदावली होती. ते वाटेत पुनःपुन्हा थांबत. कित्येकांनी मनगटावर वा खिशात घड्याळ बाळगणे सोडून दिले होते. स्त्रियांची चाल मात्र तुलनेने वेगाची राहिली, कारण घरकाम त्यांना सुटलेले नव्हते.

याहोडा यांनी पुढे या निरीक्षणांतून एक विवेचन मांडले. वेतनाखेरीज काम माणसाला पाच गोष्टी देते : दिवसाला वेळेची चौकट, कुटुंबाबाहेरील माणसांचा सहवास, अनेकांनी मिळून गाठावयाचे उद्दिष्ट, समाजात काही एक स्थान आणि नियमित हालचाल. बेकारभत्ता वा निवृत्तिवेतन यांतून पैसा मिळू शकतो, परंतु या पाच गोष्टी मिळत नाहीत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर परळ, लालबाग, शिवडी भागांतील गिरण्या एकामागून एक थंडावत गेल्या. तो काळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मारियेनथालची चाल वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

गिरणी कामगाराजवळ त्या पाच गोष्टी होत्या आणि त्या हिरावल्या गेल्या. दिव्यांग व्यक्तीच्या वाट्याला त्या पुष्कळदा आलेल्याच नसतात. २०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लक्ष दिव्यांग व्यक्ती होत्या. महाराष्ट्रात त्यांची संख्या सुमारे २९ लक्ष ६३ हजार होती. देशातील दिव्यांगांपैकी काम करणाऱ्यांचे प्रमाण अवघे ३६ टक्के होते. पुरुषांत ते ४७ टक्के, तर स्त्रियांत २३ टक्के. उरलेल्यांत मुले व वृद्ध आहेत हे खरे. तरीही तरुण वयात दिवसच्या दिवस घरात काढणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. खिन्नता, चिडचिड, झोपेची मोड, लोकांत मिसळण्याची भीती ही अशा व्यक्तीत दिसणारी लक्षणे तिच्या अपंगत्वाचाच भाग आहेत, असे समजण्याची चूक कुटुंबे करतात आणि कधीकधी डॉक्टरही करतात. वास्तविक त्यांतील बराच भाग रिकाम्या दिवसाचा असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कोणतेही काम मनाला हितकारक असते, असा याचा अर्थ नव्हे. काम अवमानकारक असेल तर ते मन खचविते. शासकीय कार्यालयांत याचा एक सौम्य दिसणारा प्रकार आढळतो. राखीव जागेवर दिव्यांग कर्मचारी नेमला जातो आणि ‘त्यांना कशाला त्रास’ म्हणून त्याला काहीच काम दिले जात नाही. वेतन नियमित मिळते, खुर्ची मिळते. मात्र टेबलावर नस्ती येत नाही, बैठकीला बोलावणे येत नाही. अशा दयेने याहोडांच्या पाचांपैकी बहुतेक गोष्टी काढून घेतल्या जातात आणि तक्रार करावयास जागाही उरत नाही.

वेगळ्या कर्मशाळेपासून सामाईक कारखान्यापर्यंत

दक्षिण आणि मध्य मुंबईचा हा पट्टा दिव्यांगांच्या शिक्षणाच्या बाबतीत देशात अग्रेसर होता. कर्णबधिर मुलांची शाळा या शहरात १८८० च्या दशकात निघाली. अंध मुलांसाठी दादरची शाळा १९०० मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी सुरू केली. ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा १९०२ ची. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांसाठी जय वकील शाळा १९४४ पासून कार्य करीत आहे. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली आणि हाजी अलीजवळची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून उभी आहे.

शिक्षण झाले, पण पुढे काय, या प्रश्नाला त्या काळी एकच उत्तर होते : वेगळी कर्मशाळा. अंधांनी खुर्च्या वेताने विणाव्यात, मेणबत्त्या कराव्यात. मूकबधिरांनी शिवणकाम वा सुतारकाम करावे. समाजाने दार लावून घेतले असताना या कर्मशाळांनी हाताला काम दिले, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. तथापि तेथे सहवास होता तो केवळ आपल्यासारख्यांचाच, आणि माणसाच्या कर्तृत्वाची मर्यादा वेताच्या विणीइतकीच ठरून जाई.

ही चौकट ओलांडण्याचा मुंबईतील एक उल्लेखनीय प्रयत्न विजय मर्चंट यांच्या नावाशी निगडित आहे. कसोटी क्रिकेटपटू म्हणून ते सर्वांना ठाऊक आहेत. ठाकरसी कुटुंबाच्या हिंदुस्थान मिल्सचा कारभार पाहत असताना त्यांनी आपल्या गिरण्यांत दिव्यांगांना नोकऱ्या दिल्या आणि अंधांच्या पुनर्वसनासाठी आयुष्याची अनेक वर्षे वेचली. क्रिकेटमधील आपल्या नावाचा उपयोग त्यांनी इतर उद्योगपतींची दारे ठोठावण्यासाठी केला. वेगळी कर्मशाळा न काढता चालू कारखान्यातीलच काम दिव्यांगाला देणे, हा या प्रयत्नातील मुख्य मुद्दा होता. इतर कामगारांबरोबर पाळी सुरू व्हावी आणि त्यांच्याबरोबरच डबा उघडावा. पुढे गिरण्याच बंद होत गेल्या आणि मध्य मुंबईतील हे दार अरुंद झाले, हे दुर्दैव होय.

अगदी अलीकडच्या काळातील उदाहरण द्यावयाचे तर मिरॅकल कुरियर्सचे देता येईल. ध्रुव लाकरा यांनी २००९ च्या सुमारास मुंबईत स्थापन केलेल्या या उपक्रमात टपाल पोहोचविणारे आणि कार्यालयात त्याची वर्गवारी करणारे कर्मचारी कर्णबधिर होते. कुरियरच्या धंद्यात दूरध्वनीवाचून चालत नाही, हा समज त्यांनी लघुसंदेशाच्या साहाय्याने खोटा ठरविला. पत्ता वाचणे, रस्ते ध्यानात ठेवणे, पाकीट योग्य हाती देऊन सही घेणे या कामांत कानाची गरज फारशी नसतेच. एवढे ध्यानी येण्यासाठी कोणीतरी त्या कामाचे तुकडे करून पाहावे लागतात. पीठ आणि लाटी वेगळी करण्याचाच हा प्रकार आहे.

चौथा टक्का

कायद्याच्या वाटचालीत मनाचा क्रमांक सर्वांत शेवटी लागला. केंद्र शासनाने १९७७ मध्ये गट क आणि गट ड च्या पदांत अपंगांसाठी ३ टक्के जागा राखून ठेवल्या. अंध, कर्णबधिर आणि अस्थिव्यंग यांना प्रत्येकी १ टक्का. १९९५ च्या अधिनियमाने अपंगत्वाच्या व्याख्येत मतिमंदत्व आणि मानसिक आजार यांचा समावेश केला, परंतु आरक्षणाचे तीन टक्के पूर्वीच्या तीन गटांतच राहिले. म्हणजे मानसिक आजाराची व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने दिव्यांग होती, पण नोकरीच्या दृष्टीने नव्हती. ही विसंगती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दूर केली. १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आलेल्या या अधिनियमात २१ प्रकारचे दिव्यांगत्व मान्य असून, शासकीय पदांतील आरक्षण ४ टक्के झाले. चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. १९७७ ते २०१६ हे अंतर ३९ वर्षांचे आहे; एका माणसाची सारी नोकरी त्यात होऊन जाते.

टक्का मिळाला तरी वाट सरळ नाही. मानसिक आजाराचे दिव्यांगत्व मोजण्यासाठी जी भारतीय मापनपट्टी वापरली जाते, ती चार गोष्टी पाहते : स्वतःची निगा, इतरांशी संबंध, संवाद व आकलन, आणि काम. जोडीला आजाराचा काळ धरला जातो. आरक्षणासाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व आवश्यक असते. पाय गमावलेल्या माणसाला नोकरी लागली म्हणून त्याचे प्रमाणपत्र बदलत नाही. छिन्नमनस्कतेचा रुग्ण औषधोपचाराने सावरून काम करू लागला, तर मात्र ‘काम’ या सदरातील त्याचा गुणांक खाली येतो. ज्या सोयीमुळे तो उभा राहिला, ती सोय उभे राहण्यामुळेच जाण्याची धास्ती त्याला राहते. नियम करणाऱ्यांनी या पेचाकडे अधिक लक्ष द्यावयास हवे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसरी अडचण सांगण्या-न सांगण्याची. कुबडी दिसते, मनाचा आजार दिसत नाही. तो सांगावा तर लोक दूर सरतात, न सांगावा तर सोय मिळत नाही. महाराष्ट्रात याविषयी उघडपणे बोलण्यास बळ देणाऱ्यांत कॅनडातील कॅलगरी विद्यापीठातील प्राध्यापक डॉ. जगन्नाथ वाणी यांचा उल्लेख करावा लागेल. त्यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन ही संस्था उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाच्या निर्मितीमागेही त्यांचीच प्रेरणा होती. त्या चित्रपटाने छिन्नमनस्कता हा शब्द मराठी घरांत नेला.

न्यायालयीन दृष्टीने डिसेंबर २०२१ मधील सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय प्रत्येक आस्थापना अधिकाऱ्याने वाचावा. मानसिक आजार असलेल्या केंद्रीय राखीव पोलीस दलातील एका अधिकाऱ्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई सुरू झाली होती. मानसिक दिव्यांगत्वामुळे कार्यालयीन शिस्तीचे काटेकोर पालन करणे अशा व्यक्तीला इतरांपेक्षा कठीण जाते आणि म्हणून तिच्यावर अशी कारवाई होण्याचा धोकाही अधिक असतो, हे न्यायालयाने ध्यानी घेतले. अशा परिस्थितीत कारवाई सुरू करणे हा अप्रत्यक्ष भेदभावाचा भाग ठरू शकतो, असे त्याने म्हटले. रजा न कळविता गैरहजेरी, वरिष्ठांशी चढा आवाज, कामात अचानक झालेली घसरण यांवर ज्ञापन काढण्यापूर्वी चौकशीचा एक प्रश्न विचारावयास हरकत नाही : यांची प्रकृती कशी आहे?

वाजवी सोय म्हणजे काय?

२०१६ च्या अधिनियमात ‘वाजवी सोय’ ही संकल्पना मध्यवर्ती आहे. दिव्यांग व्यक्तीला इतरांप्रमाणे काम करता यावे म्हणून, मालकावर अवाजवी बोजा न पडता, कामाच्या पद्धतीत वा जागेत केलेला आवश्यक बदल म्हणजे वाजवी सोय. उतरंड, रुंद दार, पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारी संगणकप्रणाली ही तिची परिचित रूपे. मनाच्या आजारात सोयीचे रूप निराळे असते आणि तिला बहुधा पैसाही लागत नाही. उदाहरणार्थ, रात्री घ्यावयाच्या औषधामुळे एखाद्या लिपिकास सकाळी गुंगी राहत असेल, तर त्याची वेळ तासाभराने पुढे सरकविता येईल. गर्दीच्या खिडकीवर घाबरणाऱ्यास आवक-जावक विभागात बसविता येईल. तोंडी सूचनांनी गोंधळणाऱ्यास त्या लिहून देता येतील. दर महिन्यास रुग्णालयात जाण्यासाठी अर्धा दिवस आगाऊ मंजूर करून ठेवता येईल.

सेवेत असताना दिव्यांगत्व आले म्हणून शासकीय कर्मचाऱ्यास काढता येत नाही वा खालच्या पदावर नेता येत नाही. जुने काम जमत नसल्यास समान वेतनश्रेणीच्या दुसऱ्या पदावर त्याला घ्यावे, आणि तसे पद नसल्यास ते मिळेपर्यंत वा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, असे कलम २० सांगते. प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असावा ही तरतूद कलम २३ मध्ये आहे. आपल्या कार्यालयात तो कोण, हे दिव्यांग कर्मचाऱ्यालाच ठाऊक नसेल तर ती तरतूद कागदावरच राहिली.

प्रशिक्षणाविषयीही एक जुना समज बदलणे आवश्यक आहे. आधी शिकवा, तयार झाल्यावर नोकरी द्या, अशी आपली रीत. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक आणि डेबोरा बेकर यांनी १९९० च्या सुमारास गंभीर मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी हा क्रम उलटा केला. रुग्णाच्या पसंतीची साधी, बाजारातील नोकरी आधी शोधावयाची आणि मार्गदर्शकाने तेथे पाठीशी राहावयाचे. अनेक देशांतील चाचण्यांत या पद्धतीने जुन्या पद्धतीपेक्षा अधिक रुग्ण नोकरीत स्थिरावल्याचे दिसून आले. ‘तयार’ होण्याची वाट पाहण्यात वर्षे जातात, आणि रिकामी वर्षे माणसाला अधिक तयार करीत नाहीत.

ओटीपासून कार्यालयापर्यंत

गिरगावातील खोताची वाडी ही मुंबईच्या जुन्या वस्तीचा नमुना म्हणून प्रसिद्ध आहे. लाकडी कठड्यांची दुमजली घरे, बाहेरून चढणारे जिने, समोर ओटी आणि मोटार शिरण्यास कठीण अशा अरुंद गल्ल्या. एके काळी येथे अशी ६५ च्या आसपास घरे होती. आज त्यांच्या निम्मीही राहिलेली नाहीत. ईस्ट इंडियन आणि इतर मराठी कुटुंबे येथे शेजारधर्माने नांदली. अशा वस्तीत जिना न उतरू शकणाऱ्या माणसाची कोंडी होते; परंतु तळमजल्याच्या ओटीवर बसणारा एकाकी पडत नाही, कारण गल्लीतून जाणारा प्रत्येक जण त्याला नावाने हाक मारतो. नव्या उंच इमारतीत उद्वाहक आहे, चाकाची खुर्ची थेट खाली येते. ओटी मात्र नाही. एका वास्तूत सहवास आहे आणि वाट नाही, तर दुसरीत वाट आहे आणि सहवास नाही.

ऑक्टोबर २०२५ पासून भुयारी मेट्रोचे गिरगाव स्थानक सुरू झाले असून तेथे उद्वाहकाची सोय आहे. लोकलमध्येही दिव्यांगांसाठी स्वतंत्र डबा असतो. म्हणजे गिरगावातून कुलाब्याच्या वा वरळीच्या कार्यालयापर्यंतची साखळी बरीचशी जुळली आहे. उरले आहेत ते साखळीच्या दोन टोकांचे काही मीटर : घराच्या जोत्यापासून स्थानकाच्या दारापर्यंतचा पदपथ आणि उतरल्यावर कार्यालयाच्या पायऱ्या. हे काही मीटर कोणत्याही मोठ्या योजनेत बसत नाहीत, म्हणून राहून जातात. त्यांच्यामुळेच पुष्कळांना घरून काम करण्याचा सल्ला दिला जातो. २०२० च्या साथीनंतर ही सोय वाढली आणि अनेकांना ती खरोखर उपकारक ठरली. मात्र तिच्यात लिज्जतच्या केंद्रासारखी एखादी जागा हवी. आठवड्यातून एकदोनदा तरी सहकाऱ्यांत जाऊन बसण्याची. अन्यथा वेतन सुरू राहते आणि एकान्त वाढतो.

मुंबईपासून दूरच्या गावीही प्रश्न याच स्वरूपाचा आहे. महाराष्ट्र शासनाने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला आणि ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावयाची आहे. हा निधी पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीस वस्तू वा रक्कम वाटून संपविला जातो. वाटप चुकीचे नाही, पण त्यातून कोणाला सकाळी उठून जाण्याचे ठिकाण मिळत नाही. तोच निधी गिरणीच्या वा सेवा केंद्राच्या दाराशी उतरंड बांधण्यासाठी, शिवणयंत्रासाठी, एखाद्या तरुणाला तालुक्याच्या गावी प्रशिक्षणास जाण्याच्या प्रवासखर्चासाठी वापरता येईल. खर्च करण्यापूर्वी गावातील दिव्यांग व्यक्तींना ग्रामसभेत एकच प्रश्न विचारावा : दिवसभर काय करता आणि काय करावेसे वाटते? मनाचा आजार असलेल्यांची नावे मात्र ग्रामसभेत वाचू नयेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने आजाराची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क मानला आहे. त्यांच्यापर्यंत आशा कार्यकर्ती वा शिक्षक यांनी घरी जाऊन पोहोचावे. दूरध्वनीवरून सल्ला हवा असल्यास ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि मराठीत बोलता येते.

शिक्षकांच्या हाती तर या साऱ्याचा आरंभच आहे. इयत्ता आठवी-नववीतील दिव्यांग विद्यार्थ्याला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवण्याऐवजी गुणलेखकाचे काम द्यावे, शालेय बँकेची वही वा ग्रंथालयाची नोंद त्याच्याकडे सोपवावी आणि ती चुकली तर इतरांप्रमाणेच त्यालाही दुरुस्त करावयास लावावी.